बारमाही आडोसा

५ जून

ही वही मुलाने दिली. रोज सकाळी गोळी घेतली की तारीख टाकायची आणि पुढे 'घेतली' असं लिहायचं, असं फर्मान. चौथीपर्यंत गेलेय शाळेत, एवढं येतं. पुढच्या बाजूने गोळ्या लिहीन. मागच्या बाजूने माझं. मागची पानं कुणी उघडत नाही, हल्ली सगळ्यांना घाई असते.

तर माझं. परवा मी पडले नाही. हे आधी लिहून ठेवते. धुण्याच्या दगडापाशी बसले. बसायचंच होतं, जरा पटकन बसले इतकंच. शेजारच्या बाईने तिच्या खिडकीतून पाहिलं आणि लगेच मुलाला फोन, मावशी पडल्या म्हणून. ही रिटायर नर्स, एकटीच राहते, मुलगी परगावी. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात थर्मामीटर घातलं, आता लोकांच्या घरात नाक घालते. मी तिचं नाव दुर्बीण ठेवलंय.

मुलगा रजा काढून धावत आला. म्हणाला, आई, हे दुसऱ्यांदा झालं. आणखी एकदा पडलीस तर मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप, तू आमच्याकडे. त्यांच्याकडे म्हणजे तिसरा मजला. मागल्या खेपेला मला बंद बाल्कनीत पलंग दिला होता, उशाशी वॉशिंग मशीन. ते गरगरायला लागलं की वाटायचं, आत मीच आहे आणि पिळून काढतायत.

सुनेचा काही दोष नाही, ती बिचारी विचारत असते, आई, चहा? आई, टीव्ही लावू? पण दिवसभर विचारतच असते. या घरात मला बेचाळीस वर्षांत कुणी काही विचारलेलं नाही.

निर्णय: पडणं थांबवायची गरज नाही, कारण मी पडतच नाही. बघणं थांबवायला पाहिजे.

६ जून, दुपार

भिंत घालायची नाही. भिंत घातली की मुलगा विचारणार, का? झाडं लावली की कुणी विचारत नाही. उलट कौतुक करतात, आईला छंद लागला म्हणून.

नातीला फोन केला. ती म्हणाली, आजी, याला प्रायव्हसी म्हणतात, तुझा हक्क आहे तो. शहाणी आहे पोरगी. माझ्यावर गेलीय. म्हणाली, हेज लाव, म्हणजे झाडांचं कुंपण, आणि बारमाही हिरवी घे, नाहीतर पानं गळली की सगळं उघडं. म्हटलं, मला शिकवू नकोस, पानं मी तुझ्या आजोबांपेक्षा जास्त झाडलीत.

पावसाळ्यात लावायचं. सहा महिन्यांत डोक्याच्या वर. मग बस म्हणावं दुर्बिणीला पानं मोजत.

९ जून

नर्सरीत गेले. नर्सरीवाला पन्नाशीचा, नखांत माती, आणि बोलायला कंजूष. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जीव धरला तर' म्हणतो. हे किती वाढेल? वाढेल आठ फूट, जीव धरला तर. हे दाट होईल का? होईल, जीव धरला तर. म्हटलं, तुमच्या बायकोशी पण असंच बोलता का? तर म्हणाला, तिनं धरलाय.

त्याने दाखवलं ते असं. दुरंता: लवकर वाढतो, पण दर महिन्याला कात्री लावावी लागते. कण्हेर: उंच, चिवट, बारा महिने हिरवी. बांबू: उंचच उंच, पण मुळं घराखाली घुसतील. कुंती: पानं बारीक, गडद, कधी म्हणून उघडी पडत नाही, पांढरी वासाची फुलं, पण वाढायला सावकाश. किती सावकाश? म्हणाला, लहान रोप घेतलं तर तीन-चार वर्षं. म्हटलं, अहो, माझ्याकडे बघा आणि मग वर्षं सांगा.

तो परवा जागा बघायला येतो म्हणाला.

११ जून

आला. टेप घेऊन आला. विचारलं, आजी, बघणारा बघतो कुठून?

दाखवलं. कोठीच्या खोलीत नेलं. खिडकीखाली स्टूल आहे. त्यावर चढायचं, खिडकीचा गज धरायचा, डावीकडे वाकायचं, की दुर्बिणीचं अख्खं स्वयंपाकघर दिसतं. काल तिने भोपळा चिरला, बिया फेकून दिल्या. आता मला तिचा भोपळा दिसतो म्हणजे तिला मी दिसणारच. साधी गोष्ट आहे.

तो स्टुलावर चढला. बराच वेळ बघत होता. उतरला आणि म्हणाला, आजी, तुम्ही स्टुलावरून खाली राहणार असाल तर पाच फुटांत काम होईल. स्टुलावर राहणार असाल तर बांबूच लागेल.

माणूस कामाचा आहे, पण डोकं नाही.

अंतर मोजलं. चौदा झाडं लागतील. दोन घरांमधे जुनी तार आहे, गुडघ्याच्या वर, तिच्या अलीकडे फूटभर सोडून ओळ.

१४ जून

कण्हेर फायनल. तारेपाशी उभी राहून नर्सरीवाल्याला फोनवर तसं मोठ्याने सांगत होते. तर तारेपलीकडून आवाज, मावशी, कण्हेर नको हं, विषारी असते, पान चुकून तोंडात गेलं तर पंचाईत. मी म्हटलं, मी काय शेळी आहे?

कण्हेर कॅन्सल. तिने सांगितलं म्हणून नाही. गुलाबी रंग मला आधीपासून आवडत नाही.

गोळी: घेतली. बहुतेक.

१७ जून

दुरंता कॅन्सल. दर महिन्याला कात्री म्हणजे दर महिन्याला माळी, म्हणजे आणखी दोन डोळे.

१९ जून

नर्सरीवाला म्हणतो, आजी, कुंती घ्या, माझं ऐका. मी का ऐकू? त्याला रोपं खपवायची आहेत.

नाक्यावर वळणाशी जुन्या गोदामाचं कुंपण आहे. नुसत्या काड्या रोवलेल्या, त्यांची झाडं झालीत. काय हिरवीगार! मांजर आत शिरायचं म्हटलं तर अंग चोरून शिरेल. नाव माहीत नाही. नावाचं काय लोणचं घालायचंय? राखणदाराला विचारलं. म्हणाला, आजी, फांदी तोडा, खोचा, दोन महिन्यांत बघा. बघा, हा माणूस. ना जीव, ना धरणं. तोडा आणि खोचा.

नर्सरीवाल्याला फोन करून सांगितलं, तुमची गरज नाही. त्याने विचारलं, कुठली काडी? मी सांगितली.  मग म्हणाला, बघा. मत्सर, दुसरं काय.

२ जुलै

चौदा काड्या खोचल्या. राखणदाराने आणून दिल्या, खड्डे मी केले. तेराव्या खड्ड्यापाशी जरा टेकले. टेकले म्हणजे गुडघ्यावर, हात टेकून. मातीचा वास घेत होते असं दिसावं म्हणून थोडा वेळ वासही घेतला.

दुर्बीण खिडकीत. म्हणाली, मावशी, बऱ्या आहात ना? म्हटलं, मुळं तपासतेय. म्हणाली, काडीला मुळं? म्हटलं, म्हणूनच तपासतेय.

फोन नाही केला तिने. रात्री नऊपर्यंत वाट पाहिली मुलाच्या फोनची. आला नाही. म्हणजे मी टेकले ते टेकण्यासारखंच दिसलं असणार.

३० जुलै

फुटल्या! चौदाच्या चौदा. माझ्या हाताला गुण आहे हे मी कधीपासून सांगतेय, कुणी ऐकलं का? नर्सरीच्या पाटीवर माझा फोटो लावला पाहिजे.

२१ ऑगस्ट

कमरेपर्यंत. दुर्बिणीचे पाय दिसत नाहीत आता. तशी ती पायांनी बघत नाही, पण सुरुवात तर झाली.

पाणी दिवसातून तीनदा घालते. ती तिकडून म्हणते, मावशी, पाणी मुळाशी, पानांवर नको. आणि काठी घ्या, ओलं झालंय. मी काठी घेत नाही. काठी घेतली की माणूस म्हातारं दिसतं.

१८ सप्टेंबर

छातीपर्यंत. दाट. सकाळी ओळीने फिरून प्रत्येकाला हात लावला. काम म्हणजे असं असतं. ना टेप, ना नर्सरी, ना तो जीव धरणारा.

आता तिला फक्त माझं डोकं दिसतं. डोकं माझं कधी पडलेलं नाही.

९ नोव्हेंबर

मुलगा येतोय परवा, दोन दिवसांसाठी. पाहणीला, दुसरं काय. कुंपण खांद्याच्या वर गेलंय. काल नळाशी थोडी बसले, पटकन, आणि कुणाला काही कळलं नाही. अगदी कुणाला. बसल्या बसल्या हसू आलं मला. ढोपराला खरचटलं, हळद लावली, साडी खाली ओढली. काम फत्ते.

गोळ्यांची पानं बघितली. बरीच रिकामी. आज दुपारी बसून भरली सगळी, एका दमात.

१२ नोव्हेंबर

मुलगा येऊन गेला. कुंपण बघून खूश. म्हणाला, आई, तू हे केलंस? माझा ऊर भरून आला. मग वही मागितली. गोळ्यांची बाजू बघितली. म्हणाला, आई, तू उद्याची पण घेतलीस?

असो. एक चूक सगळ्यांकडून होते.

जाताना दुर्बिणीच्या फाटकाशी उभा राहून दहा मिनिटं बोलला. कुंपणामुळे मला काही दिसलं नाही. ऐकूही आलं नाही. हे कुंपणाचं एक आहे, त्याला कळत नाही आपण कुठल्या बाजूचे ते.

१४ डिसेंबर

काही पानं पिवळी. पाणी वाढवलं.

२२ डिसेंबर

बरीच पिवळी. पाणी आणखी वाढवलं. रोज झाडतेय. दुर्बिणीने मुद्दाम फुंकर घालावी तशी पानं पडतायत.

४ जानेवारी

नाक्यावर गेले बघायला. गोदामाचं कुंपण: काड्या. नुसत्या काड्या. आत राखणदार खुर्चीत बसून दात कोरताना स्पष्ट दिसला. म्हटलं, अहो, हे काय? म्हणाला, थंडीत गळतंच हे आजी, दरवर्षी. म्हटलं, मग तेव्हा का नाही सांगितलंत? म्हणाला, तुम्ही पावसाळ्यात विचारलंत.

१९ जानेवारी

एक पान नाही. चौदा काड्या. अंगणात कुणी अख्खी काड्यापेटी उभी करून ठेवल्यासारखं दिसतंय.

दुर्बीण कपडे वाळत घालत होती. म्हणाली, मावशी, बऱ्याच दिवसांनी दर्शन, तेही पट्ट्यापट्ट्यांचं. आणि हसली. नर्स माणसाने असं हसू नये. टाके उसवतात.

नातीचा फोन. आजी, हेज कशी आहे? म्हटलं, विश्रांती घेतेय.

२० जानेवारी

रात्रभर डोळा नाही. मुलगा मार्चमध्ये येणार आहे म्हणतो, आणि त्या वेळी पायऱ्यांचं, नळाचं, सगळ्याचं बघू म्हणतो. बघू म्हणजे काय ते मला कळतं. त्याचे वडील गेले तेव्हा पण तो असंच म्हणाला होता, घराचं बघू.

हे घर तसं काही नाही. दोन खोल्या, कोठी, अंगणाला उतार, उतारावर नळ. पण नळाचं पाणी किती वाजता बारीक होतं ते मला ठाऊक आहे. कुठली फरशी हलते ते माझ्या पायाला ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावर माझ्या पायाला काय ठाऊक आहे?

नर्सरीवाल्याला फोन करायचा नाही. माझी पण काही इज्जत आहे.

२१ जानेवारी

नर्सरीवाल्याला फोन केला.  'मी म्हटलं नव्हतं का' सुद्धा म्हणाला नाही. त्याने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. नुसतं म्हणाला, मोठ्या पिशव्यांतल्या कुंत्या आहेत, पाच-साडेपाच फुटी, तयार. त्याच लावू. म्हटलं, हेच मी जूनमध्ये सांगत होते.

६ फेब्रुवारी

कुंत्या आल्या. तेरा. चौदावी गाडीत मोडली, दोन-चार दिवसांत दुसरी आणतो म्हणाला. काड्या उपटल्या, खड्डे मोठे केले, गुडघाभर खोल. बरोबर मध्ये एक खड्डा रिकामा राहिला. म्हणाला, आजी, यावर फळी ठेवा, नाहीतर माती भरून घ्या तोपर्यंत. म्हटलं, दोन दिवसांसाठी काय भरायचं आणि काय उपसायचं.

पण काय दिसतंय! काळपट हिरवं, घट्ट, एकेक पान पुसून ठेवल्यासारखं. तिकडचं काही दिसत नाही. तिकडून काही दिसत नसणार. फक्त मध्ये ती एक फट, दार उघडं राहिल्यासारखी.

८ फेब्रुवारी

फटीत दोन बांबू रोवून जुनी चादर बांधली. फुलाफुलांची, आमच्या लग्नातली. बारमाही फुलं आहेत तिला, गळत नाहीत.

२० फेब्रुवारी

आठ दिवस बहिणीकडे होते. तिथे बसून काळजी, कुंत्यांना पाणी कोण घालणार? कुणाला सांगून गेले नव्हते. सांगायचं कुणाला, एकच तर शेजार आहे.

आज आले तर सगळ्या टवटवीत! एक पान मान टाकून नाही. बुंध्याशी माती ओली सुद्धा होती, त्या बाजूने. म्हणजे मुळंच आतून पाणी ओढतात. गुण आहे माझ्या हाताला, परगावी असला तरी.

चौदावी अजून नाही. फोन केला की म्हणतो, उद्या.

३ मार्च

मांजर त्या खड्ड्यात शिरून बसते आणि माती उकरते. खड्ड्यावर गोणपाट पसरलं, वर थोडी पानं टाकली. छान दिसतं. खड्डा आहे हे कळतसुद्धा नाही.

दुर्बीण चादरीपलीकडून म्हणाली, मावशी, त्या खड्ड्याचं काहीतरी करा. हिला खड्डा कसा दिसतो? चादरीला डोळे फुटलेत का? म्हटलं, केलंय.

मुलगा २० तारखेला येतोय. या वेळी सगळं पक्कं. आडोसा पक्का, गोळ्या पक्क्या (आजपर्यंतच्याच भरल्यात). पायऱ्यांना तो म्हणेल तशी दांडी लावून घेईन, मोठेपणा म्हणून.

११ मार्च, संध्याकाळ

पडले.

लिहिलं एकदा.

सकाळी साडेसातला झारी घेऊन ओळीने निघाले. रोज निघते तशी. मी सकाळी काम करताना गप्प नसते, ते मला माहीत आहे. नळाला, मांजराला, बुलबुलाला, मुलाला, नर्सरीवाल्याला, जे समोर येईल त्याला दोन शब्द ऐकवते. त्याने हात चालतात. सातव्या कुंतीपर्यंत नर्सरीवाल्याच्या सात पिढ्या झाल्या. पुढे पाऊल टाकलं आणि गोणपाट आत गेलं. माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खड्ड्यात, बाकीची मी बाहेर, आडवी, आणि झारी अंगावर.

घोट्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे.

आता ओरडायचं तर दुर्बीण येणार. दुर्बीण आली की फोन जाणार. फोन गेला की वॉशिंग मशीन. म्हणून ओरडले नाही. दातावर दात दाबून पडून राहिले. म्हटलं, कळ ओसरली की उठू, कुणाला काय कळतंय? दोन्ही बाजूंना कुंत्या, समोर चादर. वर फक्त आभाळ. इतका चांगला आडोसा मी आयुष्यात पाहिला नाही. मी इथे वाळून गेले असते तरी पान हललं नसतं.

एकदा उठायचा प्रयत्न केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा नाही केला. माझा फोन आत फडताळात, डब्यात, कुणी चोरू नये म्हणून.

किती वेळ गेला माहीत नाही. मग चादर बाजूला झाली. तार खाली दाबून, साडी सावरत, दुर्बीण आत आली. मी आधीच म्हटलं, मी बसलेय. ती म्हणाली, दिसतंय. आणि खाली बसून माझा पाय खड्ड्यातून काढायला लागली. हात मात्र हलका आहे तिचा.

विचारलं, तुला कसं दिसलं? म्हणाली, दिसायला काय ठेवलंय तुम्ही? दिसलं नाही. ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मी ओरडलेच नाही तर ऐकू कसं येईल? म्हणाली, तेच म्हणतेय. रोज सकाळी तासभर तुमच्या शिव्या चालतात, त्यावर माझं घड्याळ लावते मी. आज मध्येच बंद झाल्या. पाच मिनिटं वाट बघितली, दहा मिनिटं. मावशी गप्प म्हणजे मावशी पडल्या.

 मुसळ केरात.

तिने खांदा देऊन आत नेलं, घोटा चाचपला, म्हणाली, मोडला नाही, मुरगळलाय. पट्टी बांधली. गोळीची चौकशी केली. म्हटलं, वहीत बघ. तिने बघितलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, कुंत्यांना पाणी तू घालत होतीस? म्हणाली, मग काय, तुम्ही आठ दिवस गायब. म्हटलं, माझ्या कुंत्या, तुला काय पडलंय? तर म्हणाली, मावशी, मलाही आडोसा हवाच होता. रोज दुपारी कोठीच्या खिडकीत तुमचं डोकं वर येतं. मी भाजी चिरतेय की काय करतेय. जेवताना घास अडकायचा हो.

मी म्हटलं, मी हवा घेत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तिनेच डब्यातून काढला. मुलगा. तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. ती म्हणाली, हो, मीच. मावशी? इथेच आहेत की. बसल्यात.

मग फोन माझ्या हातात दिला. मी बोलले. नेहमीसारखंच बोलले, जरा जास्तच.

१२ मार्च

दुर्बीण आली होती पट्टी बदलायला. हिशोबाचं बोलली. म्हणाली, मी मुलाला काही सांगणार नाही, पण एका अटीवर. ती मधली फट बुजवायची नाही. चादर काढायची. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता तुम्ही तिथे येऊन उभं राहायचं, काठी घेऊन. मला तोंड दाखवायचं, मग जायचं. एक वेळ चुकली तर मी यायचं. दोन वेळा चुकल्या तर फोन.

म्हटलं, ही काय शाळा आहे? शाळेत मी चार वर्षं होते, त्यात हजेरी निम्मी. म्हणाली, म्हणूनच राहिलेली आता भरा.

विचार करून सांगते म्हटलं.

१३ मार्च, सकाळी सात

हजेरी दिली. विचार अजून चालू आहे.

२१ मार्च

मुलगा येऊन गेला. तोवर पट्टी निघाली होती. लंगडणं थोडं होतं, म्हटलं नवीन चपला. पायऱ्यांना दांडी लावली. कुंपण बघून म्हणाला, आई, मध्ये झाड का नाही? म्हटलं, कुंपणाला हवा लागते. नाहीतर रोग पडतो. नर्सरीवाला म्हणतो. त्याला पटलं. या मुलाला काहीही पटतं, बापावर गेलाय.

कुलूप, बाल्कनी, काही बोलला नाही. मीही नाही.

२८ मार्च

नर्सरीवाला आला, चौदावी कुंती घेऊन. उद्या उद्या म्हणून दीड महिना लावला, आणि आता येतो. फट बघितली. तिथे दोन्ही बाजूंनी पायवाट पडलीय, माझ्या बाजूची जास्त. खड्ड्यात मी माती भरून घेतली, वर दगड ठेवला, उभं राहायला बरं. त्याने विचारलं, हिला कुठे लावू? म्हटलं, फाटकाशी लावा. कोण येतं जातं ते तिथूनच दिसतं, तेवढं झाकलं पाहिजे.

खड्डा करता करता म्हणाला, बाकीच्या तेराही छान लागल्या आजी. जीव धरलाय. मी म्हटलं, बघा, 'तर' नाही म्हणालात आज.

२ एप्रिल, सकाळी

सात वाजता गेले. ती नाही. सव्वासात, नाही. अंगणातून दोन हाका मारल्या, नाही. स्टुलावर चढावं म्हटलं, पण घोटा अजून कुरकुरतो. साडेसातला आली, भिंतीला हात लावत लावत, ढोपर चोळत. म्हटलं, कुठे होतीस? पडलीस की काय?

म्हणाली, छे हो मावशी. पडले नाही. बाथरूममध्ये जरा बसले होते.

गोळी: घेतली. खरंच.

वहीच्या पुढच्या बाजूला, गोळ्यांच्या वर, दुर्बिणीच्या मुलीचा नंबर लिहून ठेवलाय.